लेसर टाइम-ऑफ-फ्लाइटचं रिझॉल्युशन वाढवायचंय? ट्यूब लांब करायच्या आधी हे वाच

आधी तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. लॅबमध्येच जुळवलेलं लिनियर टाइम-ऑफ-फ्लाइट आहे, म्हणजे लेसरने उडवलेले आयन सरळ ट्यूबमधून सोडून त्यांना लागलेल्या वेळेवरून वस्तुमान काढणारं मशीन, ट्यूब एक मीटर, सॅम्पलवर सतत ३ किलोव्होल्ट, एनडी-याग लेसर ३५५ नॅनोमीटरवर, पल्स ६ नॅनोसेकंदांची, टोकाला एमसीपी, म्हणजे आयन टिपणारा डिटेक्टर. सॅम्पल कथील. आयसोटोप वेगळे दिसायच्या ऐवजी ११६ ते १२४ या वस्तुमानांमध्ये एकच ढेकूळ येतंय, एका पीकची रुंदी अर्ध्या उंचीला साधारण ७० नॅनोसेकंद. गाइड म्हणतायत ट्यूब दोन मीटर करू, भोसरीच्या वर्कशॉपमधून कोटेशनही आलंय, आणि तू विचारतेयस की एवढा खर्च केला तर रिझॉल्युशन, म्हणजे शेजारची वस्तुमानं वेगळी दाखवायची ताकद, दुप्पट होईल ना.

नाही होणार. बहुतेक आहे तेवढंच राहील. कोटेशन ड्रॉवरमध्ये ठेव आणि पुढचं वाच, जरा लांबलंय पण घाईत लिहिलं तर अर्धवट राहील.

हिशेब करून बघ. कथलाचा १२० चा आयन ३ किलोव्होल्टनी ढकलला की साधारण ६९ किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने जातो, एक मीटरला त्याला १४.४ मायक्रोसेकंद लागतात. वेळ ही वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जाते म्हणून रिझॉल्युशन म्हणजे एकूण वेळ भागिले पीकच्या रुंदीची दुप्पट. १४४०० भागिले १४०, म्हणजे १०३ च्या आसपास. आणि १२० ला शेजारी-शेजारी दोन आयसोटोपमधलं अंतर आहे ६० नॅनोसेकंद. ७० रुंदीचे पीक ६० च्या अंतरावर उभे केले तर ढेकूळच दिसणार, त्यात मशीनचा काही दोष नाही, ते खरं तेच सांगतंय.

आता खरा प्रश्न हा की हे ७० नॅनोसेकंद येतात कुठून. लोक काय करतात, समोर जी वस्तू दिसते तिला दोष देतात, ट्यूब सगळ्यात मोठी म्हणून ट्यूबला. लेसरची पल्स ६ ची आहे, रुंद्या वर्ग करून मिळवायच्या असतात, ७० चा वर्ग ४९०० आणि ६ चा ३६, म्हणजे उद्या कोणी तुला फेमटोसेकंद लेसर फुकट आणून दिला आणि बाकी सगळं आहे तसंच राहिलं तरी ७० चे ६९.७ होतील. तर तुझा लेसर निर्दोष.

मग राहिली ऊर्जा. धातूवर नॅनोसेकंद लेसर मारला की जी ठिणगी उडते तो छोटासा प्लाझ्मा असतो, त्यातले आयन स्थिर उभे नसतात, कोणी ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन निघतो, कोणी ४०. या ऊर्जा तुझ्या ३००० मध्ये मिळवल्या जातात. वेळ ही ऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून ऊर्जेत १ टक्का फरक म्हणजे वेळेत अर्धा टक्का फरक, आणि हे सगळं सोडवलं की फार सुटसुटीत उत्तर येतं: लिनियर ट्यूबमध्ये ऊर्जेमुळे मिळणारं रिझॉल्युशन म्हणजे एकूण ऊर्जा भागिले ऊर्जेचा फरक. फरक ढोबळमानाने ३० धरला तर ३००० भागिले ३० बरोबर १००. तुझा आकडा १०३. मला वाटतं चोर सापडला.

आणि बघ, या सूत्रात ट्यूबची लांबी कुठेच नाही. ट्यूब दुप्पट केली की वेळ दुप्पट होते आणि जलद-मंद आयनांमधलं अंतरही दुप्पट होतं, भागाकार तोच. लांबीचा फायदा फक्त त्या चुकांच्या बाबतीत होतो ज्या ठराविक नॅनोसेकंदांच्या असतात, लेसरची पल्स, डिटेक्टरचा प्रतिसाद, डिजिटायझरचं सॅम्पलिंग वगैरे. ऊर्जेचा फरक ट्यूबबरोबर लांबत जातो. म्हणून आमच्याकडे मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगतो की रिझॉल्युशन त्या लांबलचक पाइपमध्ये हरवत नाही, सॅम्पलसमोरच्या पहिल्या एका सेंटिमीटरमध्ये हरवतं.

पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, मी तुझं मशीन बघितलेलं नाही. दोन चाचण्या कर, खर्च जवळजवळ नाही.

पहिली, व्होल्टेज कमी कर. हो, कमी. ३ चे २ किलोव्होल्ट कर, मधले लेन्सचे बिन्सचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली आण. ऊर्जेचा फरक हाच रोग असेल तर रिझॉल्युशन दोन तृतीयांश होईल, १०० चं ६७. उलट ठराविक नॅनोसेकंदांची चूक असेल, म्हणजे केबल, स्कोप (सिग्नल दाखवणारा ऑसिलोस्कोप), ट्रिगर, तर वेळ वाढल्यामुळे रिझॉल्युशन थोडं वाढेल, १०० चं १२२ च्या आसपास. एक चाचणी, दोन उलट्या दिशेची उत्तरं, यापेक्षा स्वच्छ निकाल प्रयोगशाळेत क्वचित मिळतो. व्होल्टेज वाढवूनही हीच चाचणी होते पण फीडथ्रू, म्हणजे व्हॅक्यूमच्या भिंतीतून वायर आत नेणारा जोड, किती किलोव्होल्टचा आहे हे कोणाला आठवत नसतं आणि मग एक दिवस टप्पकन आवाज येतो.

दुसरी चाचणी वस्तुमानावर. बुधवार पेठेत कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ६०-४० चं सोल्डर मिळतं, त्यात कथील आणि शिसं दोन्ही एकाच ठिणगीत उडतात. वायर घेतलीस तर आतला फ्लक्स आधी वितळवून पुसून टाक नाहीतर कार्बनच्या पीकांचं जंगल दिसेल. शिशाचा २०८ आणि कथलाचा १२०, दोन्हींचं रिझॉल्युशन काढ. जवळजवळ सारखं आलं तर ऊर्जा. शिशाचं ३० टक्क्यांनी जास्त आलं तर ठराविक वेळेची चूक, कारण तिथे रिझॉल्युशन वस्तुमानाच्या वर्गमुळाने वाढतं. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आलं तर दोन्ही रोग आहेत, तेही होतं.

सॅम्पलचा विषय निघाला म्हणून एक गंमत. मी स्वतः कथलासाठी कसब्यातल्या तांबट आळीतून आणलेला कल्हई केलेल्या तांब्याच्या पत्र्याचा तुकडा वापरतो, वीस वर्षं झाली, एकच पत्रा कापून कापून पुरवतोय. कल्हई म्हणजे तांब्यावर कथलाचा पातळ थर, त्यामुळे एका जागी लेसर मारत राहिलं की आधी कथलाचा कंगवा दिसतो आणि थर संपला की ६३ आणि ६५ चं तांबं वर यायला लागतं, म्हणजे फोकस सरकला की तू सरकलीस हेही कळतं. सोडियम आणि पोटॅशियम, २३ आणि ३९, ते तर हाताने पत्रा धरला की येतातच, कॅलिब्रेशनला फुकट मिळतात. आणि कधी कधी २०६, २०७, २०८ पण दिसतात, म्हणजे कल्हईवाल्याने कथलात शिसं मिसळलेलं, त्या भांड्यात आमटी करू नये एवढं कळतं.

कथील का, तर त्याचे १० स्थिर आयसोटोप आहेत, सगळ्या मूलद्रव्यांत सर्वाधिक, म्हणून रिझॉल्युशन तपासायला याच्यासारखी पट्टी नाही. स्पेक्ट्रम असा वाचायचा. ११६, ११८, १२० हे उंच, १२० तर एकूणच्या जवळजवळ एक तृतीयांश. त्यांच्या मध्ये ११७ आणि ११९ बुटके, साडेसात-साडेआठ टक्क्यांचे. रिझॉल्युशन पडायला लागलं की आधी हे बुटके बुडतात. मग १२१ वर काहीच नसतं, १२३ वरही नसतं, म्हणजे १२० आणि १२२ च्या मधली दरी तळाला टेकली पाहिजे. ११७ वेगळा दिसतोय पण १२१ ची दरी भरलेली आहे असं झालं तर पीकला उजवीकडे शेपूट आहे, म्हणजे काही आयन उशिरा निघतायत किंवा केबलमध्ये सिग्नल घुटमळतोय. नुसती अर्ध्या उंचीची रुंदी मोजणाऱ्याला ही शेपूट कधीच दिसत नाही. आणि १२० ची उंची ११८ च्या जवळपास आली, खरं गुणोत्तर साधारण १.३५ हवं, तर डिटेक्टर संपृक्त झालाय, म्हणजे आणखी सिग्नल त्याला मोजता येत नाही, लेसर कमी कर.

लेसर कमी कर हे तर पहिलं औषध. दहातल्या सात जणांचं रिझॉल्युशन इथेच अडकलेलं असतं कारण सिग्नल मोठा दिसला की बरं वाटतं. फ्लुअन्स, म्हणजे दर क्षेत्रफळावर पडणारी लेसरची ऊर्जा, जास्त म्हणजे ठिणगी जाड, आयन एकमेकांना ढकलतात, ऊर्जेचा फरक वाढतो, शिवाय जाड प्लाझ्मा स्वतःभोवती कवच करतो, बाहेरचं फील्ड आत शिरूच शकत नाही, मग आयन बाहेरच्या सालीतून एकेक करत सुटतात आणि कोण कधी निघालं याचा पत्ता नाही. खूण सांगतो, ६० च्या आसपास दोन चार्जवाल्या कथलाचे पीक दिसायला लागले की समज तू फार वर आहेस. उंबरठा शोध, म्हणजे जिथे सिग्नल जेमतेम सुरू होतो ती जागा, आणि त्याच्या दहा-वीस टक्केच वर राहा. सिग्नल मरतुकडा दिसेल, दिसू दे, दोनशे-तीनशे शॉटची सरासरी काढ.

फ्लुअन्स कमी करताना फ्लॅशलॅम्पचं (लेसरला ऊर्जा देणाऱ्या दिव्याचं) व्होल्टेज कमी करू नकोस, त्याने पल्सची रुंदी, बीमचा आकार, वेळ सगळंच हलतं. हाफ-वेव्ह प्लेट आणि पोलरायझर असेल तर उत्तम. नसेल तर मायक्रोस्कोपच्या काचेच्या स्लाइड, एकेका स्लाइडमागे साधारण ८ टक्के प्रकाश परत जातो, चार-पाच लावल्या की हवा तेवढा कमी होतो. जरा तिरप्या ठेव म्हणजे परत आलेला किरण लेसरमध्ये घुसणार नाही, आणि तो कुठे जातोय तिथे काळा पडदा लाव, ३५५ डोळ्याला दिसत नाही म्हणून जास्त धोक्याचा. गॉगल घातल्याशिवाय शटर उघडायचं नाही. आमच्याकडे एक जण रोज 'फक्त एक मिनिट' म्हणायचा.

पुढचं औषध व्होल्टेज. सूत्र आठव, एकूण ऊर्जा भागिले फरक. ३ चे १० किलोव्होल्ट केले तर १०० चे तीनशे-सव्वातीनशे, फुकटात. म्हणजे अगदी फुकटात नाही, फीडथ्रू, इन्सुलेटर, सप्लाय तेवढ्याचे हवेत. आणि इथे एक गोम आहे, वेळ आता ७.९ मायक्रोसेकंदांवर येते, पीकची रुंदी १२ नॅनोसेकंदांच्या आसपास, आणि आत्तापर्यंत जो ६ नॅनोसेकंदांचा लेसर निर्दोष होता तो आता रांगेत येऊन उभा राहतो. या कामात नेहमी असंच होतं, एक चूक घालवली की तिच्या मागे लपलेली दुसरी दिसते. आता कुठे ट्यूब लांब करण्याला अर्थ येतो, थोडासा.

पावसाळ्यात १० किलोव्होल्ट चालवणार असशील तर बाहेरचे कनेक्टर स्पिरिटने पुसून, कोरडे करून, मगच लाव. जून लागला की पुण्यात हवा अशी होते की केबलच्या टोकाशी चुरचुर ऐकू येते, ती चुरचुर म्हणजे सप्लायमधून करंट गळतोय आणि व्होल्टेज थरथरतंय. व्होल्टेजमधला जेवढा टक्का हलतो तेवढाच टक्का वस्तुमान हलतं, १० किलोव्होल्टमध्ये १ व्होल्ट म्हणजे शंभर पीपीएम (दहा लाखांत शंभर). ३०० च्या रिझॉल्युशनला हे शून्य, ५००० ला मात्र जाणवायला लागतं. शॉट-शॉटमध्ये हललं तर पीक रुंद होतो, सावकाश हललं तर कॅलिब्रेशन सरकतं, आणि सावकाश सरकताना तू पंधरा मिनिटं सरासरी काढत बसलीस तर तेही रुंदीच होते. एसी रात्री बंद करतात ना तुमच्याकडे? सकाळी आल्या आल्या डेटा घेऊ नकोस. स्टीलची ट्यूब एक अंशाला सोळा-सतरा पीपीएम वाढते, वस्तुमानात त्याच्या दुप्पट, सप्लायचा स्वतःचा फरक वेगळाच.

आता मुख्य उपाय, डिलेड एक्स्ट्रॅक्शन. म्हणजे आयन तयार झाल्यावर ढकलणारं व्होल्टेज थोडं थांबून लावायचं. मूळ कल्पना वायली आणि मॅकलॅरन यांची, १९५५ ची, तेव्हा लेसरच नव्हता, ते वायूतल्या आयनांसाठी करत होते. १९९० च्या दशकाच्या मध्यात माल्डीवाल्यांनी (मोठे रेणू प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकांत मिसळून लेसरने उडवतात ती पद्धत) ती लेसरला लावली आणि शेकड्यातलं रिझॉल्युशन हजारांत गेलं. कात्रजच्या उतारावर दोन सायकलवाले आहेत असं समज. एक घाईचा, एक सावकाश. दोघांना माथ्यावरून एकदमच सोडलं तर घाईचा कायम पुढे. पण आधी सपाटीवर थोडा वेळ चालू दिलं, घाईचा पुढे सरकला, आणि मग अचानक तो सगळा रस्ताच उतार झाला, तर घाईच्याच्या वाट्याला उतार कमी येतो कारण तो खाली सरकलेला, मागच्याला पूर्ण उतार मिळतो, जास्त वेग घेतो आणि पुढे कुठेतरी त्याला गाठतो. नेमकं डिटेक्टरपाशी गाठलं पाहिजे, तेवढं जुळवायचं. डिले आणि पल्सचं व्होल्टेज हे दोन नॉब.

मशीनमध्ये याचा अर्थ, लेसर पडताना सॅम्पल आणि पहिली ग्रिड (सॅम्पलसमोरची जाळी) एकाच व्होल्टेजला, फील्ड शून्य, दोन-तीनशे नॅनोसेकंदांनी सॅम्पलवर पल्स. डिले किती ठेवायचा यात माल्डीचे आकडे जसेच्या तसे उचलू नकोस, ही चूक बरेच जण करतात. माल्डीत आयन सुरुवातीला काहीशे मीटर प्रतिसेकंदाने निघतात, अर्ध्या मायक्रोसेकंदात पाव मिलिमीटरच्या आसपास. तुझा ३० इलेक्ट्रॉनव्होल्टचा कथलाचा आयन एका मायक्रोसेकंदात जवळजवळ ७ मिलिमीटर जातो, तुझी सॅम्पल आणि ग्रिडमधली गॅप १० मिलिमीटर असेल तर अर्धा मायक्रोसेकंदही डोक्यावरून पाणी. म्हणून आधी फ्लुअन्स कमी, मगच डिले. या क्रमाने नाही केलं तर डिलेचा नॉब फिरवत बसशील आणि काहीच घडणार नाही.

याचे अजून दोन फायदे आहेत जे पुस्तकात एका ओळीत उरकतात. प्लाझ्माला पसरायला वेळ मिळतो, पातळ होतो, फील्ड आत शिरतं. आणि वेळेची सुरुवात आता लेसरपासून नाही तर पल्सच्या कडेपासून मोजली जाते, म्हणजे लेसरचे ते ६ नॅनोसेकंद जवळजवळ बाद. तोटा हा की एका वस्तुमानाला जुळवलं की दुसऱ्याला थोडं बिघडतं, शिसं चांगलं आलं तर तांबं जरा फिसकटेल. पल्सर, म्हणजे ही व्होल्टेजची पल्स देणारं सर्किट, स्वतः बनवणार असशील तर मॉस्फेटची साखळी चालते पण पल्सच्या वर जी थरथर येते, रिंगिंग, ती आयन गॅपमध्ये असेपर्यंत बसली पाहिजे, आणि कथील १ सेंटिमीटरची गॅप तीनेकशे नॅनोसेकंदांत पार करतं. रिंगिंग प्रत्येक शॉटला सारखं असेल तर एकवेळ चालतं, दरवेळी वेगळं असेल तर सगळी मेहनत पाण्यात. पहिले दोन पल्सर माझ्या हातून जळलेत, तिसऱ्याला गेटजवळ झेनर लावायची आठवण झाली.

पुढचा उपाय रिफ्लेक्ट्रॉन, म्हणजे ट्यूबच्या टोकाला आयनांना उलटं परतवणारा फील्डचा आरसा. मामिरिन आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा पेपर, आणि मला अजूनही ती कल्पना देखणी वाटते. जास्त ऊर्जेचा आयन आरशात जास्त खोल जातो, त्याला परत यायला जास्त वेळ लागतो, आणि ट्यूबमध्ये त्याने जेवढी आघाडी घेतली तेवढी तिथे गमावतो. एकाच टप्प्याचा साधा आरसा असेल तर बाहेरची मोकळी वाट, जातायेताची मिळून, आयन आत जेवढा खोल जातो त्याच्या चौपट हवी, म्हणजे एक मीटर मोकळ्या वाटेला २५ सेंटिमीटर खोली. हे जुळलं तर तुझा १ टक्क्याचा ऊर्जेचा फरक कागदावर चाळीस हजारांपर्यंत रिझॉल्युशन देतो. कागदावर. प्रत्यक्षात वेळ दुप्पट, २९ मायक्रोसेकंद, आणि लेसर-डिटेक्टर मिळून ८ नॅनोसेकंद उरले तर १८००. पण १०० वरून १८०० म्हणजे तुझ्या कामाला भरपूर झालं. तेव्हा ट्यूबच्या पैशात रिफ्लेक्ट्रॉन होतो का ते बघ, भोसरीत तोच टर्नर आरशाच्या रिंगा करून देईल. फक्त रिंगांची जाडी आणि मधले स्पेसर सारखे हवेत, त्याला सांगताना 'सगळ्या एकाच सेटिंगला काप' असं सांग, एकेक रिंग अचूक असण्यापेक्षा सगळ्या सारख्या असणं महत्त्वाचं. रेझिस्टर एक टक्क्याचे शंभर घे, मल्टिमीटरने मोजून जवळजवळचे निवड. व्हॅक्यूममध्ये पीव्हीसीची वायर नको, टेफ्लॉन किंवा काप्टनची घे, आणि पितळ टाळ. आणि आयनांना कुठेही प्लास्टिक किंवा टेप दिसता कामा नये, त्यावर चार्ज साठतो आणि तासाभराने पीक आपोआप सरकायला लागतात, मग लोक सॉफ्टवेअरमध्ये बग शोधतात. ग्रिडची जाळी ९० टक्के पारदर्शक असली तरी आयन तिच्यातून जाताना एकदा, येताना एकदा, प्रत्येक वेळी १० टक्के गेले.

वाट लांबली की व्हॅक्यूमही बघावं लागतं. दहाचा उणे पाचवा घात मिलिबारला आयनाची सरळ धाव साडेसहा मीटरच्या आसपास, दोन मीटरच्या वाटेला ते काठावरचं आहे, एक घात खाली जा.

आता माझी स्वतःची फजिती. रिफ्लेक्ट्रॉन पहिल्यांदा लावला तेव्हा रिझॉल्युशन ७०० च्या वर जाईना. तीन आठवडे आरशाचा कोन, व्होल्टेज, ग्रिड ताणून बसवणं, दोनदा सगळं उघडलं, प्रत्येक वेळी पंप करायला एक रात्र. शेवटी वर्कशॉपमधला एक जण चहा प्यायला आला, स्कोपकडे बघून म्हणाला, "साहेब, ते कोपऱ्यात बीडब्ल्यू लिहिलंय ते मुद्दाम ठेवलंय का?" वीस मेगाहर्ट्झचं बँडविड्थ लिमिट. कोणीतरी कधीतरी नॉइज कमी करायला लावलेलं. वीस मेगाहर्ट्झ म्हणजे साडेसतरा नॅनोसेकंदांचा राइज टाइम (सिग्नल वर चढायला लागणारी वेळ), मी आरसा कितीही हलवला असता तरी पीक त्याच्याखाली येणारच नव्हता. बटण दाबलं, दुपारी १५०० आलं. त्या दिवसापासून आधी स्कोप.

तर स्कोप बघ. बँडविड्थ लिमिट बंद. इनपुट ५० ओहमला, १ मेगाओहमवर ठेवलंस तर केबलच्या कपॅसिटन्समध्ये चार्ज साठत राहतो आणि पीकला लांब शेपूट येते. सॅम्पलिंग निदान १ गिगा. ट्रिगर लेसरच्या सिंक आउटपुटवरून घेत असशील तर तो क्यू-स्विचचा (प्रत्यक्ष पल्स सोडणाऱ्या स्विचचा) आहे का फ्लॅशलॅम्पचा ते तपास, फ्लॅशलॅम्पचा असेल तर विसर. खरं म्हणजे एक फोटोडायोड लाव आणि प्रकाशावरूनच ट्रिगर घे. एकच शॉट घेऊन त्यातल्या पीकची रुंदी आणि तीनशे शॉटच्या सरासरीतली रुंदी यांची तुलना कर, सरासरीत जास्त रुंद येत असेल तर ट्रिगर किंवा सप्लाय हलतोय.

डिटेक्टरचा कोन हा शेवटचा, पण रिफ्लेक्ट्रॉननंतर हाच पुढे येतो. २५ मिलिमीटरचा एमसीपी एक अंश तिरका बसला तर दोन कडांमध्ये ०.४४ मिलिमीटरचा फरक, ६९ किलोमीटर प्रतिसेकंदाला ते सव्वासहा नॅनोसेकंद. एक अंश डोळ्याला दिसत पण नाही. म्हणून डिटेक्टरच्या फ्लँजखाली पातळ शिम लावून तिन्ही बाजूंनी हलवता येईल अशी सोय आधीच ठेव. सॅम्पलच्या पत्र्यालाही हेच लागू, वाकडा पत्रा चालणार नाही, आणि एकाच खड्ड्यात मारत बसू नकोस, पत्रा फिरव.

पुढेमागे पेप्टाइडसाठी माल्डी करायचं म्हणालीस, तर एवढंच, तिथे ऊर्जेइतकीच स्फटिकांची उंची त्रास देते. डीएचबी या मॅट्रिक्सचे (रेणू ज्यात मिसळतात त्या पदार्थाचे) काठाला येणारे लांब सुईसारखे स्फटिक सुंदर दिसतात पण एक आयन तळातून निघतो, एक शेंड्यावरून. अल्फा-सायनो या दुसऱ्या मॅट्रिक्सचा पातळ सारखा थर लाव.

ट्यूबची ऑर्डर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबव, गाइडना वरचा ३००० भागिले ३० चा हिशेब दाखव, ते फिजिक्सवाले आहेत, एका मिनिटात पटेल. मला चार गोष्टी कळव: २ किलोव्होल्टला रिझॉल्युशन किती आलं, सोल्डरमध्ये १२० आणि २०८ चं किती, १२१ ची दरी तळाला टेकते का, आणि स्कोपच्या कोपऱ्यात बीडब्ल्यू लिहिलंय का. शेवटचं आत्ताच जाऊन बघितलंस तरी चालेल.